कॅनडा-अमेरिकेतून महाराष्ट्रात हिवाळी मुक्काम: निवृत्तांसाठी पायरीपायरीने तयारी

टोरोंटो, शिकागो किंवा मिनियापोलिसचा हिवाळा नोकरीच्या धावपळीत कसाबसा निघून जातो. निवृत्तीनंतर मात्र तोच हिवाळा घरात बसून काढावा लागतो. निसरड्या बर्फामुळे फिरायला जाता येत नाही, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारून येते आणि सांधे आखडतात. म्हणूनच तिकडची अनेक निवृत्त मंडळी थंडीचे महिने फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनात काढतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आपल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण त्याऐवजी पुणे, मुंबई किंवा कोकण गाठतात. आम्ही दोघेही निवृत्तीनंतर ओंटारिओहून पुण्यात येऊ लागलो, आणि या तयारीत सर्वांत जास्त गोंधळ कशामुळे होतो हे आता पुरते ध्यानात आले आहे. बहुतेक जण स्वस्त मिळाले म्हणून आधी तिकीट काढतात आणि मग त्या तारखांत विमा, कर आणि औषधे बसवू पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे याच्या उलट आहे. आधी दिवसांचा हिशोब करावा, मग विमा पाहावा आणि तिकीट त्यानंतरच काढावे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. प्रथम दिवस मोजा

एका कोऱ्या कागदावर तीन स्वतंत्र हिशोब मांडा, कारण आरोग्य योजना, वास्तव्याचा हक्क आणि भारतातील आयकर हे तिन्ही आपले दिवस वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात.

ओंटारिओची आरोग्य योजना, म्हणजे ओहिप, चालू राहण्यासाठी कोणत्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात असावे लागते. म्हणजेच २१२ दिवसांपर्यंत बाहेर राहता येते. ‘कोणत्याही १२ महिन्यांत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण हिवाळ्यातले पाच महिने आणि मधल्या काळात नातवंडांकडे दुसऱ्या देशात काढलेले दोन महिने एकाच बेरजेत येतात. इतर प्रांतांचे नियम निराळे आहेत, तेव्हा आपल्या प्रांताचा नियम स्वतः वाचावा.

कॅनडाचे कायम रहिवासी असाल, पण नागरिक नसाल, तर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डधारकांनी एकाच फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, कारण त्यामुळे नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

उतारवयात मुलांकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कॅनडातील कमी उत्पन्नासाठीचा ‘जीआयएस’ हा भत्ता सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिल्यास थांबतो. अमेरिकेतील ‘एसएसआय’ हा तशाच स्वरूपाचा भत्ता तर सलग ३० दिवस बाहेर राहिल्यावरच थांबतो. घरातील ज्येष्ठांचा खर्च याच रकमेवर चालत असेल तर मुक्कामाची लांबी इथेच ठरते.

भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा संपूर्ण मुक्काम एकाच वर्षात पडतो. भेटीसाठी येणाऱ्या भारतीय नागरिकांना आणि मूळ भारतीयांना साधारणपणे १८२ दिवसांची मर्यादा लागू होते, म्हणजे १८१ दिवसांपर्यंत आपण करासाठी अनिवासी राहतो. मात्र भाडे, व्याज, शेअर-विक्रीचा नफा असे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांपेक्षा जास्त असेल आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस भारतात झाले असतील, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. पुण्यातली वडिलोपार्जित जागा विकली त्याच वर्षी लांब मुक्काम केला, तर हा नियम हमखास आड येतो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजावेत, आणि त्याच आर्थिक वर्षात जून-जुलैमध्ये लग्नकार्यासाठी येऊन गेला असाल तर तेही दिवस धरावेत.

या तीन हिशोबांत जो आकडा सर्वांत लहान येईल, त्यातून दोन आठवडे वजा करा. आजारपण, रद्द झालेले विमान किंवा घरातील एखादा प्रसंग यांसाठी तेवढी मोकळीक हवीच.

२. आरोग्य विमा: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

अमेरिकेतील मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, भारतातील उपचारांचा खर्च देत नाही. मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायचा खासगी विमा, त्याच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या योजनांत परदेशातील तातडीच्या उपचारांची सोय असते, आणि अनेक जण तेवढ्यावर निर्धास्त राहतात. ही सोय देश सोडल्यापासून पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेल्या तातडीच्या उपचारांपुरतीच आहे. त्यातही २५० डॉलर आपण भरल्यानंतर ८० टक्के खर्च मिळतो आणि आयुष्यभराची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर असते. म्हणजे १५ नोव्हेंबरला निघालेल्या माणसाला फेब्रुवारीत हृदयविकाराचा झटका आला तर या योजनेतून काहीही मिळणार नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर योजना, असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ योजनेच्या क्षेत्राबाहेर राहिल्यास सहसा नाव कमी केले जाते, हेही ध्यानात ठेवावे. परदेशात उपयोग नाही म्हणून मेडिकेअरचा भाग ‘बी’, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी व रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा भाग, सोडून देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पुन्हा नाव घालताना दर १२ महिन्यांच्या खंडामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो कायम वाढलेलाच राहतो.

कॅनडातील प्रांतिक योजना परदेशातील रुग्णालयाच्या बिलाचा अगदी थोडा भाग देतात, म्हणून तेथून निघताना प्रवास विमा घेणे अनिवार्य समजावे. या विम्यातील खरी अडचण जुन्या आजारांची असते. पॉलिसीत ‘स्थिरतेचा कालावधी’ दिलेला असतो, बहुधा ९० किंवा १८० दिवसांचा. निघण्यापूर्वीच्या तेवढ्या काळात जुन्या आजारात किंवा त्याच्या औषधांत काहीही बदल झालेला नसावा, अशी अट असते.

उदाहरण घ्या. सप्टेंबरच्या तपासणीत रक्तदाब चांगला आला म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून अडीच मिलिग्रॅमवर आणली. आपल्या दृष्टीने प्रकृती सुधारली, परंतु पुष्कळ पॉलिसींच्या व्याख्येत मात्रा कमी होणे हाही बदलच असतो, आणि नोव्हेंबरात निघालेल्या या माणसाचा रक्तदाबाशी संबंधित दावा त्यामुळे नाकारला जाऊ शकतो. यावर उपाय असा, की वार्षिक तपासणी आणि औषधांची फेररचना मे-जूनमध्येच उरकावी. त्यानंतर औषध बदलण्याची खरोखर गरज पडली तर ते जरूर बदलावे, विम्यासाठी उपचार लांबवू नयेत. मात्र विमा कंपनीला तसे लेखी कळवून नव्या परिस्थितीत काय लागू होते ते लेखीच मागून घ्यावे. विम्याचा आरोग्यविषयक प्रश्नसंच स्मरणावर विसंबून भरू नये. औषधालयातून मागील वर्षभराच्या औषधांची छापील यादी घ्यावी आणि ती समोर ठेवून प्रत्येक उत्तर लिहावे.

भारतात दाखल होताना रुग्णालय अनामत रक्कम मागते, आणि परदेशी विम्यावर रोखीविना उपचार मिळतीलच असे नाही. आधी स्वतः पैसे भरून नंतर दावा करावा लागेल असे गृहीत धरून तेवढी रक्कम भारतातील खात्यात ठेवावी. विमा कंपनीचा मदत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये आणि कागदावर लिहून पाकिटात असावा, कारण दाखल होताच कळवण्याची अट बहुतेक पॉलिसींत असते. डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिले आणि पैसे भरल्याच्या पावत्या शिक्क्यांसह घ्याव्यात.

दरवर्षी येण्याचा विचार पक्का असेल तर भारतातील आरोग्य विमाही पाहावा. २०२४ पासून विमा कंपन्यांना केवळ वयाच्या कारणावरून दार बंद ठेवता येत नाही, आणि जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची झाली आहे. अर्थात उतारवयात हप्ता बराच येतो, तेव्हा शांतपणे तुलना करूनच निर्णय घ्यावा.

३. कागदपत्रे

ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना व्हिसाविना भारतात येऊ देणारे कार्ड, नसेल तर त्यासाठी सर्वप्रथम भारतीय नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि या सगळ्याला वेळ लागतो. उन्हाळ्यातच अर्ज करावा. कार्ड असलेल्यांनी वयाची ५० वर्षे पूर्ण झाल्यानंतर मिळालेल्या नव्या पासपोर्टची प्रत आणि छायाचित्र ओसीआयच्या संकेतस्थळावर एकदा चढवलेले आहे ना, हे पाहावे. सोबत पुढील गोष्टी एका पिशवीत ठेवाव्यात, आणि प्रत्येकाची छायाप्रत दुसऱ्या बॅगेत असावी:

- पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. भारतीय नागरिकांनी पासपोर्ट व कायम रहिवासाचे कार्ड
- प्रवास विम्याची संपूर्ण पॉलिसी, केवळ ओळखपत्र नव्हे
- डॉक्टरांनी सही केलेली औषधांची यादी, शेवटचा ईसीजी आणि रक्ततपासणीचे अहवाल
- पॅन कार्ड, आणि असल्यास आधार कार्ड
- बँकेची पासबुके, लॉकरची किल्ली, भारतातील घराची कागदपत्रे किंवा भाडेकरार
- पासपोर्ट आकाराची आठ-दहा छायाचित्रे

आधारविषयी एक खुलासा करतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना ते लगेच काढता येते. ओसीआयधारकांना मात्र आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय मिळत नाही. करासाठी १८२ दिवसांच्या आत राहायचे असल्याने अनेकांना आधार मिळणारच नाही, तेव्हा त्यावाचून कामे कशी होतील याची चौकशी आधीच करावी.

४. गाव निवडताना हवा आणि रुग्णालय दोन्ही पाहा

महाराष्ट्रात थंडी नसते हा समज सोडून द्यावा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० ते १२ अंशांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली जातो, आणि नाशिकजवळच्या निफाडला तर राज्यातील नीचांकाची नोंद वारंवार होते. कॅनडात बाहेर उणे १५ असले तरी घरात २१ अंश असतात. पुण्यात मात्र घरात हीटर नसतो, खिडक्या पातळ असतात आणि फरशी पहाटे बर्फासारखी गार पडते. दुपारी ऊन छान असते, पण सांधेदुखी असलेल्यांना सकाळचे दोन-तीन तास जड जातात. पायमोजे, घरात घालायच्या चपला, शाल आणि एक लहानसा हीटर यांची सोय पहिल्याच दिवशी करावी.

मुंबई, कोकण आणि गोवा येथे रात्री उबदार असतात. मुंबईत हिवाळ्यात हवा धुरकट राहते, बांधकामांची धूळही असते, त्यामुळे दमा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी तिथे लांब मुक्काम करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. रत्नागिरी, गुहागर, मालवण या बाजूची हवा मला सर्वांत मानवते. परंतु आडगावातून हृदयरोगतज्ज्ञापर्यंत पोहोचायला कोल्हापूर, मुंबई किंवा पुणे गाठावे लागू शकते. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मोठे रुग्णालय अर्ध्या तासावर असेल अशीच जागा धरावी. माझे मत असे, की मुख्य बिऱ्हाड पुण्यासारख्या शहरात ठेवावे आणि जानेवारीतील कडाक्याचे दोन-तीन आठवडे कोकणात काढावेत.

काळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा उत्तम. मार्चमध्ये ऊन चढू लागते आणि वयस्कर माणसांना त्याचा त्रास होतो.

५. राहण्याची जागा

भाऊ-बहिणींकडे आठ-पंधरा दिवस राहण्यात आनंद असतो, चार महिने राहण्यात दोन्हीकडे अवघडलेपण येते. तेही आता आपल्याच वयाचे आहेत आणि त्यांच्याकडेही दुखणीखुपणी आहेत. स्वतंत्र जागा घ्यावी आणि ती त्यांच्या घराजवळ असावी. नाती त्यामुळे अधिक गोड राहतात.

भाड्याने घ्यायचे तर लिव्ह अँड लायसन्सचा करार करावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ‘चारच महिने राहायचे आहे, कशाला नोंदणी’ असे कोणी म्हणाले तर ती जागा सोडून द्यावी. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे आणि सोसायटीला कळवणे हेही मालकाकडून करून घ्यावे. अनामत रक्कम निघण्याच्या आदल्या आठवड्यात परत मिळेल असे करारातच लिहून घ्यावे, कारण विमानात बसल्यावर ती मिळवणे फार कठीण जाते.

जागा पाहताना लिफ्टला जनरेटर आहे का, कमोड आहे का, पाणी किती वेळ येते हे विचारावे. सगळ्यांत बारकाईने न्हाणीघर पाहावे. आपल्याकडे संपूर्ण न्हाणीघर ओले होते, फरशी गुळगुळीत असते आणि उंबऱ्याला पायरी असते. बर्फावर न पडलेली माणसे इथे पडतात. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत स्टीलचे दांडे बसवून घ्यावेत आणि रबरी मॅट घालावी. हे काम प्लंबर एका दिवसात करतो, आणि मालक सहसा नाही म्हणत नाहीत.

६. पैसे आणि फोन

परदेशात स्थायिक झाल्यावर जुने साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयातील खात्यात बदलून घ्यावे. अमेरिकेतील मंडळींची भारतातील सर्व खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर ‘एफबार’ हे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारे विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. भारतातून निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरातील हयातीचा दाखला विसरू नये.

फोनच्या बाबतीत लोक हमखास अडतात ते बँकेच्या ओटीपीपाशी. कॅनडा-अमेरिकेचा क्रमांक बंद करून आलात तर तिकडच्या बँकेत शिरता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी त्या सिमवर वाय-फाय कॉलिंग सुरू करून घ्यावे आणि सर्वांत स्वस्त योजनेवर ते जिवंत ठेवावे. भारतातील सिमचेही तसेच आहे. परतल्यावर महिनोन्‌महिने रिचार्ज केले नाही तर क्रमांक जातो आणि तो बँकेशी जोडलेला असेल तर पुढच्या खेपेला सगळी ओळख-पडताळणी नव्याने करावी लागते. काही देशांच्या क्रमांकांवरून अनिवासी खात्याला यूपीआय जोडता येते आणि त्यांत अमेरिका व कॅनडा आहेत. आपली बँक ती सोय देते का हे विचारावे.

७. औषधे आणि उपकरणे

संपूर्ण मुक्कामाची औषधे आणि वर तीन आठवड्यांचा साठा न्यावा. औषधालयाला प्रवासाची तारीख सांगून वाढीव साठ्यासाठी निदान महिनाभर आधी विचारावे. औषधे मूळ डब्यांतच, हातातल्या बॅगेत असावीत. यादीत कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहावे, जसे की मेटफॉर्मिन किंवा एटॉर्व्हास्टॅटिन, कारण तिकडची व्यापारी नावे पुण्यातील दुकानदाराला ठाऊक नसतात. तिकडे ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात तेच इथले पॅरासिटामॉल.

झोपेत श्वास अडखळू नये म्हणून लावायचे सीपॅप यंत्र वापरत असाल तर त्याच्या अ‍ॅडॉप्टरवरील बारीक अक्षरे भिंगाने वाचा. तिथे ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असेल तर फक्त प्लग बदलून चालतो. केवळ ‘१२०’ असेल तर ते इथल्या २३० व्होल्टवर जळून जाईल.

८. मागचे घर बंद करताना

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून नळ्या रिकाम्या कराव्यात, आणि तरीही थर्मोस्टॅट १३ अंश सेल्सिअसच्या खाली नेऊ नये. घराच्या विमा पॉलिसीतील रिकाम्या घरासंबंधीचे कलम वाचावे. ठरावीक दिवसांनी कोणीतरी येऊन घर पाहिले पाहिजे अशी अट अनेकदा असते, आणि ती पाळली नाही तर फुटलेल्या नळीचे नुकसान मिळत नाही. शेजाऱ्यांना किल्ली द्यावी, आणि प्रत्येक फेरीची तारीख व एक छायाचित्र पाठवायला सांगावे. बर्फ काढण्याचे कंत्राट ऑक्टोबरातच ठरवावे. अमेरिकेत टपाल रोखून ठेवण्याची मुदत ३० दिवसांचीच असते, त्यामुळे लांब मुक्कामासाठी टपाल मुलांच्या पत्त्यावर वळवावे.

९. आता तिकीट काढा

डिसेंबरच्या मध्यापासून शाळांच्या सुट्यांमुळे भाडी चढतात. नोव्हेंबरात निघणे सोयीचे. परतीची तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे, थोडे महाग पडले तरी. चाकाची खुर्ची तिकिटासोबतच नोंदवावी आणि ती मागण्यात संकोच करू नये. लांब प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दर दोन तासांनी उठावे आणि दाबाचे मोजे घालण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

१०. पोहोचल्यावरचा पहिला आठवडा

बंद ठेवलेला स्वतःचा फ्लॅट असेल तर आपण येण्यापूर्वी तो उघडून झाडून घ्यायला सांगावे, पाण्याची टाकी धुऊन घ्यावी आणि लाकडी कपाटांना वाळवी लागली नाही ना हे पाहावे. पाणी उकळूनच प्यावे, फिल्टर असला तरीही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवले गेले होते. वर्षानुवर्षे परदेशात राहिलेल्या पोटाने पहिले पंधरा दिवस बाहेरची चटणी आणि कापलेली फळे टाळावीत.

त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना आजारी नसताना भेटून यावे, कागद दाखवून ओळख करून घ्यावी. रात्री दोन वाजता गरज पडली तर ही ओळख फार उपयोगी पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर लावावेत, त्यांच्याखाली घराचा पूर्ण पत्ता मराठीत ठळक अक्षरांत लिहावा, म्हणजे कामाला येणाऱ्या मावशींनाही तो फोनवर वाचून सांगता येईल.

११. परतताना

गॅस, वीज आणि सोसायटीचे देणे आगाऊ भरून पावत्या घ्याव्यात आणि भारतातील सिमचे लांब मुदतीचे रिचार्ज करावे. विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व मूळ बिले हातातल्या बॅगेत ठेवावीत. जाड जॅकेट आणि बूटही तिथेच असावेत, कारण मार्चमध्ये टोरोंटोच्या विमानतळाबाहेर बर्फ असू शकतो. घरी पोहोचल्यावर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह एकदम न उघडता हळूहळू उघडावा आणि तळघरापासून वरपर्यंत प्रत्येक नळीजवळ हात फिरवून पाहावा. त्यानंतर पासपोर्टवरील शिक्के पाहून या खेपेचे दिवस त्याच कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीचा हिशोब तिथूनच सुरू करता येईल.